टाकीला कल्हई

जन्माला आल्यापासून मला जेवढे म्हणून धक्के बसले, त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी दिलेले आहेत. उरलेले शिक्षण खातं, नातेवाईक आणि नागपूरचा उन्हाळा यांनी आपापसात वाटून घेतले. मी मुळात धक्के खायला जन्मलेला माणूस नव्हे. शाळेत भूगोल शिकवायचो. भूगोलात सगळं जिथल्या तिथं असतं. सातपुडा काल जिथं होता तिथंच आजही आहे, याचं मला फार समाधान वाटत आलं आहे. अशा माणसाच्या नशिबी असे व्याही यावेत, याला काय म्हणायचं? त्यांच्या घरून मी परत आलो की माझी बायको आधी माझ्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची, मी नीट टेकलो आहे याची खात्री करून घ्यायची आणि मग विचारायची, "हं, आज काय केलं त्यांनी?"

आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. माझी बहीण कुमुद त्यांना मामाजी म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच म्हणायला लागलो. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, उंच, काटकुळे. नाक मात्र ऐसपैस, आणि त्या नाकावर त्यांचा डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचा वास घ्यायचे. कुलूप असो, ट्रान्झिस्टर असो, शिवणयंत्र असो, वास घेऊन डोळे मिटायचे आणि निदान सांगायचे. जगात कुठलीच वस्तू मरत नाही, माणसंच तिचा नाद लवकर सोडतात, असं त्यांचं ठाम मत होतं. "मेली म्हणून कोणं सांगतलं? तुमी हलवून पाह्यली काय?" हा त्यांचा आवडता प्रश्न. त्यामुळे नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या तीन खोल्यांमधून कुठलीही वस्तू कधी बाहेर गेली नाही. भिंतीवरचं घड्याळ भिंतीवर चालायचं नाही, टेबलावर पालथं घातलं तरच चालायचं. म्हणजे वेळ पाहायची तर ते उचलावं लागणार, आणि उचललं की बंद पडणार. मला वाटलं गंमत करताहेत. "मग वेळ कशी कळते मामाजी?" असं मी विचारलं, तर ते दुखावल्यासारखे म्हणाले, "वेळ पाहाले मनगटावर घड्याळ आहे न मास्तर. याले काहून त्रास देता?" विहीणबाईंनी नवा पितळी स्टोव्ह घेतला होता, तो त्यांनी ट्रंकेत घालून वर कुलूप लावलं होतं. चोरांच्या भीतीनं नव्हे. "यायच्या हाती लागला त दुरुस्त करतीन," त्या मला हळूच म्हणाल्या. "चांगल्या चालत्या स्टोव्हले, भाऊ! काय सांगू तुमाले!"

या माणसाच्या हाती आमच्या वडिलांच्या मोटारसायकलची टाकी कशी गेली, ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. गाडी जुनी, विलायती बनावटीची. तशा नागपुरात चार-पाचच असतील. वडील ऐन हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेले. गाडी व्हरांड्यात उभी होती ती तशीच उभी राहिली. टाकीतलं पेट्रोल हळूहळू उडून गेलं, पाणी उतरलं, आतून गंज धरला आणि तळाला बारीक बारीक भोकं पडली. आईला गाडी विकू द्यायची नव्हती आणि मला ती तशी पाहवत नव्हती. पण माझी खरी काळजी गाडी नव्हती, कुमुद होती. वडिलांची ती फार लाडकी. आधी इतकी बडबडी, की पाहुणे आले की आम्ही तिला काहीतरी काम काढून आत पाठवायचो. वडील गेले आणि तिचं बोलणंच आटलं. वाचा गेली असं नव्हे. 'हो', 'नाही', 'वाढू का', 'ठेवते', एवढं बोलायची. बाकी काही नाही. त्यातच नातेवाइकांनी धोशा लावला की वर्षाच्या आत लग्न उरकलंत तर उरकलंत, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. घरात मृत्यू झाला की आपल्याकडे हा नियम सांगायला कोणीतरी हजर असतंच. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, घरात एकटा कर्ता. घाबरून गेलो आणि स्थळं पाहायला लागलो.

पाहायला आले ते हेच लोक. मुलगा कळमेश्वरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, अत्यंत सरळ माणूस. त्याच्याविषयी मी इथं काहीच लिहिणार नाही, कारण त्यानं मला आजतागायत एकही धक्का दिलेला नाही. कुमुद पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि पाहतो तो मुलाच्या वडिलांची खुर्ची रिकामी. हात धुवायला गेले असतील म्हणून आम्ही थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेवटी मी व्हरांड्यात डोकावलो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पांढऱ्याशुभ्र धोतरातले मुलाचे वडील आमच्या गाडीखाली उताणे पडले होते, फक्त पाय बाहेर. मुलीच्या घरी मुलाचा बाप जमिनीवर! मी "अहो, अहो" करत धावलो, तर खालून आवाज आला, "पाना आहे काय घरात?" तेवढ्यात कुमुद बशी घेऊन माझ्या मागे आली. वाकून तिनं बशी त्यांच्या हातापाशी ठेवली आणि म्हणाली, "तो नट उलटा फिरतो." त्या दिवशी ती तेवढंच बोलली. काही वेळानं ते बाहेर निघाले. धोतराला वंगण, कपाळाला गंज. त्यांनी टाकीचं झाकण उघडून नाक आत घातलं, डोळे मिटले, मान हलवली आणि उपरण्याला हात पुसत बैठकीत येऊन जाहीर केलं, "पोरगी पसंत आहे." विहीणबाई चकित होऊन म्हणाल्या, "पाह्यली कवा तुमी तिले?" ते म्हणाले, "आयकली न."

लग्न साधेपणानं झालं. कुमुद महालात नांदायला गेली आणि आम्ही एकमेकांना सांगितलं, आता बोलेल, नवं घर आहे, नवी माणसं आहेत, रमेल. तसं काही झालं नाही. मी दर रविवारी जायचो. ती पाणी आणून द्यायची, चहा द्यायची, "आई बरी आहे?" एवढं विचारायची आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहायची. नव्या सुनेचा हा अबोला सासरी किती दिवस चालेल? आज ना उद्या कोणीतरी म्हणणार की मुलीतच काही खोट आहे, आणि मग तिला कायमचं परत पाठवलं तर मी आईला काय तोंड दाखवू? म्हणून त्या घरात मी पाऊलसुद्धा जपून टाकायचो. मुलीकडच्यांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतोच. मी तर तोंडाबरोबर हातपायही दाबून धरले होते. मामाजी काहीही म्हणोत, माझं उत्तर एकच, "हो मामाजी." त्यांना पोहे तिखट लागले की मलाही तिखट लागायचे.

असे आठेक महिने गेले. एका रविवारी सकाळी आठ वाजता मामाजी आमच्या धरमपेठेतल्या दारात दत्त म्हणून उभे. एका हातात पान्यांची पिशवी, काखेत गोधडी. "मास्तर, टाकी मले द्या." विचारणा नव्हतीच ती. मी "हो मामाजी" म्हणेपर्यंत दोन बोल्ट निघालेही होते. त्यांनी टाकी उतरवली, गोधडीत नीट गुंडाळली आणि सायकल रिक्षात मांडीवर घेऊन बसले, एक हात खाली, एक वर. "हळू चालव गा, खड्ड्यातून नेऊ नको," असं रिक्षावाल्याला बजावलं. शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी कौतुकानं मान वाकडी करून विचारलं, "किती दिवसांचं बाळ?" मामाजी म्हणाले, "अठरा वर्षांची आहे." काकूंनी त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे पाहायचं टाळलं.

सीताबर्डीच्या एका मिस्त्रीनं मला सांगितलं होतं, की टाकी आतून एवढी गंजली की तिच्या नादी लागू नये, इतवारीच्या मागे भंगारात तशीच दुसरी मिळते का पाहावं. मी भीत भीत मामाजींना तसं म्हणालो, तर आश्चर्य, ते लगेच निघाले. भंगारवाल्यानं ढिगात कंबरेपर्यंत शिरून एक टाकी ओढून काढली. तीच बनावट, तोच घाट, आत गंजाचा ठिपका नाही, बाजूला एक पोचा तेवढा. मला तर देव पावल्यासारखं वाटलं. मामाजींनी ती बोटाच्या पेरानं वाजवली. वास घेतला. मग झाकणाच्या मागच्या बाजूला हात ठेवला आणि बराच वेळ तिथंच फिरवत राहिले. मग टाकी परत केली. "चांगली आहे. पण हे नाई." भंगारवाला कळवळून म्हणाला, "बाबूजी, एकदम वही है! पूरे नागपूर में ढूंढो, ऐसी नहीं मिलेगी." मामाजी शांतपणे म्हणाले, "नहीं मिलेगी, सही बात है. लेकिन ये दूसरे की है." भंगारवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्याच्या दुकानातली प्रत्येक वस्तू दुसऱ्याचीच होती. न घेण्याचं हे कारण त्याला आजवर कोणी दिलं नसावं. परतीच्या वाटेवर मी मनात जे बोललो ते शिक्षकाला शोभणारं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांच्या गल्लीत शिरलो तर लांबूनच खळ्ळ-खळ्ळ, खळ्ळ-खळ्ळ असा आवाज. आत जाऊन पाहतो तो बंगईवर, म्हणजे घरातल्या लाकडी झोपाळ्यावर, शेजारच्या दोन बायका बसून गंभीर चेहऱ्यानं झोके घेताहेत आणि फळीच्या खाली दोरखंडानं आमची टाकी बांधलेली. तळाची भोकं मेणानं बुजवून टाकीत चिंचेचं पाणी आणि बारीक गिट्टी भरलेली. "तांब्या-पितळेले चिंच चालते, त टाकीले काहून नाई चालन?" हा मामाजींचा सिद्धांत. विहीणबाईंची वर्षाची चिंच बरणीसकट त्यात गेली होती. आता गंज सुटायला गिट्टी आत सारखी हलती हवी, आणि हलवायला माणसं हवीत, म्हणून त्यांनी घराचा नियमच करून टाकला: येईल त्यानं आधी अर्धा तास बंगईवर बसायचं, मग चहा. दूधवाल्याला सूट नाही, विहीणबाईंच्या भजनी मंडळाला सूट नाही. मंडळानं तर म्हणे त्या खळखळाटाच्या ठेक्यावर दोन अभंग म्हटले. तार घेऊन आलेल्या पोस्टमनलाही त्यांनी आधी झोके घ्यायला लावले आणि मगच तार फोडली. मी सुनेचा भाऊ, मला मान जास्त, म्हणून पाऊण तास. "जोरात घ्या न मास्तर, मुंग्या मारून राहिले काय?" मी पाय रेटत होतो. दार सताड उघडं. नेमके त्याच वेळी आमच्या शाळेचे मुख्याध्यापक गल्लीतून चालले होते. त्यांनी आत पाहिलं, मी त्यांना झोक्यावरूनच नमस्कार केला, ते पुढे गेले आणि सोमवारी मला एकट्याला बोलावून म्हणाले, "तब्येत वगैरे ठीक आहे ना?" या सगळ्यात कुमुद मधून मधून येऊन बंगई थांबवायची, झाकण उघडून आत टॉर्च मारून पाहायची, तांबडं पाणी अंगणात ओतून नवं भरायची. मी ते पाहत होतो, पण माझं डोकं इतकं गरगरत होतं की त्यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

हे बारा-पंधरा दिवस चाललं. त्यानंतरच्या रविवारी जे पाहिलं त्यानं माझं काळीज बंद पडायचंच बाकी राहिलं. गल्लीच्या मधोमध कल्हईवाल्याची भट्टी पेटली होती. भाता चालला होता. आणि भट्टीवर होती आमची टाकी. पेट्रोलची टाकी, रसरसत्या निखाऱ्यावर! तिचा वरचा भाग चिखलानं लिंपलेला, त्यावर ओलं पोतं. मामाजी भट्टीपासून हातभर अंतरावर पाटावर बसलेले, आणि कल्हईवाला हात जोडून त्यांना सांगत होता, "बाबूजी, आजवर घागरीले केली, घंगाळाले केली. ह्याच्या पोटात माहा हात कसा जाईन?" मामाजी म्हणत होते, "तू कथील टाक, नवसागर टाक. फिरवाचं मी पाहातो." म्हणजे पितळी भांड्याला आतून करतात तशी कल्हई हे टाकीला आतून करणार होते. भोकंही बुजतील आणि पुन्हा गंजही धरणार नाही.

मग माझा तोल गेला. लग्नापासून दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "तुम्हाला काही अक्कल आहे का?" मी ओरडलो. मी, शाळेत खडू मोडला तरी न ओरडणारा मी. "पेट्रोलची टाकी आहे ती, घागर नाही! भडका उडाला तर गल्ली जाईल! चांगली धडधाकट मिळत होती, ती सोडलीत, आणि आता हिची ही दशा! तुमचं पालथं घड्याळ आहे का हे? माझ्या बापाची वस्तू आहे ती!" भाता थांबला. समोरच्या खिडक्यांत माणसं गोळा झाली. विहीणबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या. आणि मी काय करून बसलो ते माझ्या लक्षात आलं. सुनेच्या भावानं सासऱ्याची भर गल्लीत अक्कल काढली होती. कुमुदचा संसार मी माझ्या तोंडानं मोडला, दुसरं काही मला सुचेना. मामाजींनी फक्त घराच्या दाराकडे पाहिलं.

"दादा, गप्प बस!"

कुमुद बाहेर आली होती. पदर कमरेला खोचलेला, हातात पाण्याची कळशी. मला खांद्यानं बाजूला सारून ती भट्टीपाशी गेली, पोत्यावर पाण्याची धार धरली आणि कल्हईवाल्याला म्हणाली, "भाता काहून थांबवला भाऊ? थंडी झाली त कथील धरन काय?" भाता सुरू झाला. मग ती माझ्याकडे वळली. "तीन दिवस धुण्याच्या सोड्यात उकळली आहे ती. मी उकळली. रोज पाणी बदललं. मामाजींनी वास घेतला, मी घेतला, पेट्रोलचा थेंब नाही तिच्यात. गल्लीतल्या सगळ्यांना सकाळीच लांब राहायला सांगितलंय, आणि मामाजी स्वतः जवळ बसलेत ते काय हौस म्हणून? आधी विचारायचं असतं, की आल्या आल्या ओरडायचं असतं? आणि ही माती वाळली ना, तर वरचा रंग जळेल. मग तू येणार आहेस का तो परत आणायला? चिंच कमी पडली तेव्हा कुठं होतास? आता उभा काय राहिलायस, ते फडकं दे इकडे, सरक!" ती बोलतच होती. टाकीबद्दल, माझ्या स्वभावाबद्दल, लहानपणी मी तिची पाटी फोडली होती त्याबद्दल. मी आ वासून ऐकत होतो. भर गल्लीत धाकटी बहीण मला फाडून खात होती आणि मला वाटत होतं, देवा, हिला थांबवू नकोस.

कथील आत गेलं, नवसागराचा पांढरा धूर निघाला, आणि सासरा-सून ओली फडकी हाताला गुंडाळून ती टाकी या कुशीवरून त्या कुशीवर फिरवत राहिले. थंड झाल्यावर कुमुदनं टॉर्च मारला. आतून लख्ख. माती धुतली तर वरचा जुना काळा रंग जसाच्या तसा, आणि झाकणाच्या मागे तळहाताएवढ्या जागी तो आधीपासूनच झिजलेला. तीही जागा तशीच.

मी मामाजींच्या पायांवर डोकं ठेवलं. ते हसायला लागले. "मास्तर, तुमाले आवाज आहे हे मले माईतच नोतं. शाळेतले पोट्टे भेत असतीन." मग माझा हात धरून त्यांनी मला बंगईवर बसवलं. कुमुद आत गेली होती. "पोरगी घरात आली, पण बोले नाई," ते हळू आवाजात म्हणाले. "मी सारं पुसून पाह्यलं. शाळा पुसली, मैत्रिणी पुसल्या. नाई. एक दिवस पुसलं, ते तुमच्या गाडीचा नट उलटा काहून फिरते वं बाई? त बसली न सांगत! दोन घंटे सांगून राहिली होती. बाप तिले समोर टाकीवर बसवाचा म्हणे. उन्हाळ्यात टाकी तापे, त खाली रुमाल टाकाचा. ते तिथं बसून बसून रंग गेला. टाकी घरी आणली तवा तिनं तिथं हात ठेवून दाखवला मले." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "भंगारातल्या टाकीवर कोणाची पोरगी बसत होती, मले काय माईत?"

मी लहानपणी त्याच गाडीवर वडिलांच्या मागे बसायचो, त्यांच्या कमरेला धरून. मला कायम त्यांची पाठ दिसायची. पुढे टाकीवर काय चाललेलं असायचं ते मला कधी दिसलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. आठ महिने दर रविवारी जाऊन मी बहिणीला "बरी आहेस ना?" एवढंच विचारत आलो होतो, आणि ती "हो" म्हणाली की चहा पिऊन घरी येत होतो. मामाजींनी मला दिलेल्या धक्क्यांत हा सगळ्यात मोठा. यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

पुढच्या रविवारी धरमपेठेत टाकी गाडीवर चढली. मिस्त्रीनं बाकीचं सगळं आधीच पाहून ठेवलं होतं. पेट्रोल भरलं, खाली कागद पसरून आम्ही तासभर उकिडवे बसलो. थेंब पडला नाही. पंधरा-वीस किका मारल्यावर गाडी खोकली, धूर ओकली आणि चालू झाली. आई आतून धावत आली आणि चौकट धरून उभी राहिली. मी गाडी मामाजींपुढे आणून म्हणालो, "पहिली चक्कर तुमची." ते दोन पावलं मागे सरले. "मले कुठं येते?" मला वाटलं विनय करताहेत. "अहो, चालवा हो." तर म्हणाले, "खरंच नाई येत गा. मले सायकलबी येत नाई." महिनाभर ज्या माणसानं या गाडीसाठी आख्खा महाल झोक्यावर बसवला, त्याला दुचाकीवर बसताच येत नव्हतं! "मग इतके दिवस सांगितलं का नाही?" मी विचारलं. "तुमी पुसलं कुठं?" ते म्हणाले आणि कुमुदकडे वळले. "बस वं बाई भावाच्या मागं. काहून लाजून राहिली? मी तिकडे तोंड करतो." आणि खरोखरच ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत.

आम्ही फुटाळा तलावाच्या रस्त्याला लागलो. कुमुद माझ्या कानाशी तोंड आणून बोलत होती. काहीतरी हसण्यासारखंही असावं, कारण मधेच तिचं कपाळ माझ्या पाठीवर आपटत होतं. गाडीच्या आवाजात मला एक शब्द धड ऐकू येत नव्हता. मी आपला "हो, हो" करत होतो. थांबवली तर ती गप्प होईल, अशी धास्ती वाटली, म्हणून मी त्या रस्त्यानं तीनदा गेलो आणि तीनदा आलो. घरी पोचलो तेव्हा मामाजी आईच्या पंख्याचा वास घेत होते.

पुढे बरीच वर्षं मी त्यांचे धक्के खात राहिलो. मग एका उन्हाळ्यात दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. निरोप आला तेव्हा माझा विश्वासच बसेना. कोणीतरी त्यांना हलवून पाहिलं असेल का, असा वेडा विचारही मनात येऊन गेला. महालात जाताना मला त्यांच्यापेक्षा कुमुदची भीती वाटत होती. एक बाप गेला तेव्हा काय झालं होतं ते मी पाहिलं होतं. आणि तसंच झालं. ती भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती, बोलत नव्हती. माणसं येत होती, जात होती, ती 'हो', 'नाही' म्हणत होती. दहाव्या दिवसापर्यंत असंच.

अकराव्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसलो. 'बरी आहेस ना' असं ओठांवर आलं होतं, ते गिळलं. मग म्हणालो, "कुमे, मामाजी चहा कसा घ्यायचे गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "चहा?" ती म्हणाली. "ते कुठं घ्यायचे चहा? बशीत ओतायचे आणि विसरून जायचे. मी तीनदा गरम करायचे, दादा, तीनदा. चौथ्यांदा केला की म्हणायचे, जळका वास येते वं..." आणि तिचा आवाज चिरकला, डोळे वाहायला लागले, पण ती थांबली नाही. चहावरून सुपारीवर गेली, सुपारीवरून चष्म्यावर, मधेच हसली, मग पुन्हा रडली. दुपार कलली. विहीणबाई आतून येऊन दाराशी उभ्या राहिल्या, मला म्हणाल्या, "बोलू द्या तिले भाऊ." मी कुठं अडवत होतो? मीही रडत होतो, आणि मधून मधून एवढंच विचारत होतो, "मग? मग काय म्हणाले?"